वाटून घेतलेली दाढ

"मॅडम, मी सांगलीत बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या, पहिल्या वर्षाला आहे. गाव तासगाव तालुक्यात, वडिलांची द्राक्षबाग. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आमच्या कॉलेजात यंदा दर गुरुवारी दुपारी पीबीएल (प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग, म्हणजे एखाद्या केसवरून गटानं शिकणं) सुरू केलंय. आठजणांचा गट, पुढ्यात एक केस, आणि सर मागं खुर्ची टाकून गप्प. काही विचारलं की म्हणतात, 'तुम्हाला काय वाटतं?' मागची केस अशी होती : ४५ वर्षांचे शेतकरी, डावीकडची खालची दाढ आठ दिवस ठणकत होती, आता जबड्याखाली दोन्ही बाजूंना दगडासारखी सूज, ताप, गिळता येत नाही, जीभ वर उचलली गेलीय. आम्हाला अजून धड ॲनाटॉमी येत नाही, आम्ही काय सांगणार? मग आम्ही मुद्दे वाटून घेतो. माझ्या वाट्याला मायलोहायॉइड हा जिभेखालचा स्नायू आला. मी पाच स्लाइड केल्या. पुढच्या गुरुवारी प्रत्येकानं आपापल्या वाचल्या, ग्रुपवर टाकल्या, झालं. (मी स्वतःहून अजून एकदाही बोललेली नाही, स्लाइड तेवढ्या वाचते. बाकीचे इंग्लिशमध्ये फाडफाड बोलतात.) परीक्षेत तर जुन्याच पद्धतीचे प्रश्न येणार. वडील म्हणतात, एवढी फी भरून तुमचं तुम्हीच शिकायचं, तर मास्तर कशाला ठेवलेत? मलाही तसंच वाटायला लागलंय. हे सोडून सरळ लेक्चरच्या वह्या पाठ कराव्यात का?"

— एक विद्यार्थिनी, सांगली

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुझे वडील बरोबर वाटले. दुसऱ्यांदा वाचताना कंसातल्या त्या दोन वाक्यांपाशी अडले. तीस वर्षं विश्रामबागेत दवाखाना चालवतेय. पेशंट खुर्चीत बसून एक दुखणं सांगतो आणि जाताना दारात चपला घालता घालता दुसरंच सांगतो, आणि खरं बघायचं असतं ते बहुतेक वेळा दारातलं. तेव्हा तुझ्या कंसाकडे मी येणारच आहे. आधी सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देते.

वह्या पाठ कर. ५० टक्के पडल्याशिवाय पास होता येत नाही, आणि फर्स्ट बीडीएसचा पेपर तपासणारा तुझ्या गुरुवारच्या चर्चेला मार्क देणार नाही. पण गुरुवार सोडू नकोस. का, ते माझ्या फजितीवरून सांगते.

आमच्या वेळी पीबीएल हा शब्द कुणी ऐकला नव्हता. मायलोहायॉइडवर मला परीक्षेत टीप आली होती आणि मी ती घडाघडा लिहिली : उगम, शेवट, नर्व्ह सप्लाय, कार्य. प्रत्येक स्नायूच्या शेवटी 'अप्लाइड' म्हणून, म्हणजे पेशंटच्या बाबतीत त्याचा काय उपयोग याच्या, चार ओळी असतात ना, त्या वेळ उरला तर वाचायच्या, असा आमच्या हॉस्टेलचा अलिखित कायदा होता. वेळ कधी उरला नाही. मग चार वर्षांनी इंटर्नशिपमध्ये एका रात्री एक माणूस आला, थेट तुमच्या केसमधून उठून आल्यासारखा. टॉवेलनं जबडा बांधलेला, गिळता येत नसल्यानं तोंडातून लाळ गळतेय. बरोबरची बायको म्हणाली, "दाढ ठणकत हुती, आता गळाच धरलाय." मी पेनकिलर आणि अँटिबायोटिक लिहायला घेतलं. वरच्या डॉक्टरांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि विचारलं, "कुठली दाढ?"

"खालची, सर."

"खालच्या एका बाजूला तीन असतात. कुठली?"

मला तो प्रश्न भलताच फालतू वाटला. माणूस गुदमरतोय आणि हे दाढा मोजतायत! भूलतज्ज्ञांना आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना बोलवायला त्यांनी माझ्या आधीच माणूस पिटाळला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पेशंट वाचला. सकाळी चहाच्या वेळी सरांनी कपाटातून जबड्याचं हाड काढून माझ्या हातात दिलं आणि स्वतः पेपर वाचत बसले. अगदी तुझ्या सरांसारखे, गप्प.

तू आता तुझ्या बोन सेटमधला मँडिबल, म्हणजे खालच्या जबड्याचं हाड, काढ आणि पुढचं वाचता वाचता त्यावर बोट फिरव. आतल्या, म्हणजे जिभेकडच्या बाजूला एक कड लागेल, मागं उंच आणि पुढं येताना खाली उतरत जाणारी. ही मायलोहायॉइड लाइन. दोन्हीकडच्या या कडांना धरून स्नायूची एक झोळी ताणलेली असते, तीच तोंडाची जमीन. झोळीच्या वर जिभेखालची जागा, खाली जबड्याखालची. आता दाढांच्या मुळांची टोकं कुठं येतात बघ. पुढच्या उपदाढांची आणि बहुतेक वेळा पहिल्या दाढेची टोकं कडेच्या वर राहतात. दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची कडेच्या खाली जातात. मुळाशी साठलेला पू हाड पोखरून आतल्या अंगाला फुटला, तर पहिल्या दाढेचा जिभेखाली साठेल आणि अक्कलदाढेचा जबड्याखाली, मानेच्या वाटेला. झोळीची मागची कड मोकळी असते, त्यामुळं वरचं खाली आणि खालचं वर पसरायला वाट आहेच. दोन्ही बाजूंच्या या जागा आणि हनुवटीखालची जागा, सगळ्या एकदम भरल्या की जीभ वर आणि मागं ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद व्हायला लागते. जर्मनीतल्या विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या डॉक्टरांनी १८३६ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून नाव लुडविग्ज अँजायना. अँजायना म्हटलं की पोरं छातीकडे धावतात. इथं गळा आवळल्यासारखं होणं असा अर्थ घ्यायचा.

म्हणजे तुझ्या वाट्याला आलेला स्नायू आठातला एक मुद्दा नव्हता. अख्खी केस त्या झोळीत पडली होती, आणि तू पाच स्लाइड वाचून खाली बसलीस. तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत. मीही तेच केलं होतं, फक्त स्लाइडऐवजी उत्तरपत्रिकेत.

तुमच्या गटाचं चुकतंय ते इथं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात या पद्धतीच्या सात पायऱ्या ठरवल्या गेल्या आणि जगभर बऱ्याच ठिकाणी त्याच वापरतात. न कळलेले शब्द आधी सोडवायचे, नेमका प्रश्न काय ते ठरवायचं, मनात येतील ती कारणं बेधडक मांडायची, मग त्यांची जुळणी लावायची, आपल्याला काय येत नाही त्याची यादी करायची. सहावी पायरी म्हणजे घरी जाऊन प्रत्येकानं त्या सगळ्या यादीचा अभ्यास करायचा. सातवीला परत भेटून एकमेकांना तपासायचं. सहावीत 'प्रत्येकानं' आणि 'सगळ्या' हे दोन शब्द आहेत, आणि तुम्ही नेमके तेच गाळलेत. आठजणांनी आठ मुद्दे उचलले की सातव्या पायरीला एक बोलतो आणि सातजण मोबाइल बघतात, कारण त्याला अडवण्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. भाकरी वाटून घेता येते, चावायची ज्याची त्यानंच. दाताच्या डॉक्टरकडून एवढा विनोद खपवून घे.

पाच मिनिटांत फोनवरून स्लाइड बनतात हेही मला माहीत आहे. माझी भाची तेच करते.

आता तुझ्या वडिलांच्या प्रश्नातलं खरं तेही सांगते. ही पद्धत १९६९ मध्ये कॅनडात, हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात मेडिकलच्या मुलांसाठी सुरू झाली. दातांच्या शिक्षणात स्वीडनमधल्या माल्मोच्या कॉलेजानं १९९० मध्ये अख्खा अभ्यासक्रमच तिच्यावर बेतला. तिथं ॲनाटॉमीचा वेगळा पेपर आणि चर्चेचा वेगळा गुरुवार अशी फारकत नव्हती. तुमच्याकडे लेक्चर, डिसेक्शन, पेपर सगळं जुनंच ठेवून वर एक दुपार बसवलीय. झाकण एका डब्याचं आणि डबा दुसरा. त्याचा त्रास तुम्हा मुलांना होणार, हे मी नाकारत नाही. १९९३ मध्ये मेडिकलमधल्या या पद्धतीच्या अभ्यासांचे दोन मोठे आढावे प्रसिद्ध झाले. या पद्धतीनं शिकलेली मुलं पेशंटसमोर बरोबरीनं किंवा थोडी सरस ठरतात आणि त्यांना शिकायला मजाही जास्त येते, पण ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीसारख्या पायाभूत विषयांच्या परीक्षेत कधीकधी मागं पडतात, असं त्यांत दिसलं. म्हणून तर म्हटलं, वह्या पाठ कर. नुसत्या चर्चेवर फर्स्ट इयर निघत नाही.

मग पहिल्याच वर्षी हा घाट कशाला? बीडीएसचा क्रम बघ. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी-बायोकेमिस्ट्री, डेंटल ॲनाटॉमी. दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी-मायक्रोबायॉलॉजी, फार्माकॉलॉजी, मटेरिअल्स, आणि प्रीक्लिनिकलला नकली जबड्यावर काम. खऱ्या पेशंटच्या तोंडात आरसा घालायला तिसरं वर्ष उजाडतं. तोवर पहिल्या वर्षाचा मायलोहायॉइड कधीच वाहून गेलेला असतो, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारून बघ. कशाला पाठ करतोय हे पाठ करताना माहीत असेल तरच तो दोन वर्षं टिकतो. एमबीबीएसवाल्यांना २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून पहिल्याच वर्षी पेशंटपर्यंत नेतात, ते याच दुखण्यावर. तुमच्या गुरुवारचा तो कागदी शेतकरी म्हणजे तिसऱ्या वर्षातून उसना आणलेला पेशंट समज.

आता कंस.

"आम्हाला काही येत नाही, काय बोलणार" असं तू लिहितेस. तिसरी पायरी नेमकी काही येत नसताना बोलायची असते. चूक ठरेल असं कारण तिथं चालतं, किंबहुना हवंच असतं. पू कुठं जाईल, हे तुला पुस्तक न उघडता थोडं सांगता आलं असतं. पाटाचं पाणी कच्च्या बांधातून फुटतं आणि उताराकडे जातं, हे तू लहानपणापासून बघतेस. पू तेच करतो : जिथं हाड पातळ तिथून बाहेर पडतो आणि पुढं स्नायू नेतील तिकडे जातो. खालच्या अक्कलदाढेपाशी आतल्या बाजूचं हाड पातळ असतं. तू "बांध कुठं कच्चा आहे ते बघूया" एवढं म्हटलं असतंस, तर फाडफाड इंग्लिश बोलणाऱ्यांनाही थांबून विचार करावा लागला असता.

आणि हो, मराठीत म्हण. सांगली-मिरजेच्या ओपीडीत पेशंट मराठीत नाहीतर कन्नडमध्ये बोलतो. तो 'ट्रिस्मस' म्हणणार नाही, "तोंड उघडंना" म्हणेल. कानात कळ मारते म्हणून कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेला माणूस खालच्या दाढेनं बेजार झालेला असतो, कारण खालच्या दाढेची आणि कानापुढच्या भागाची नस एकाच मोठ्या फांदीच्या, मँडिब्युलर नर्व्हच्या. असली बोली तुला येते आणि शहरातल्या इंग्लिश शाळेत शिकलेल्या पोराला तिसऱ्या वर्षी नव्यानं शिकावी लागते. नावं इंग्लिशमध्ये पाठ असायलाच हवीत, पेपर इंग्लिशमध्ये आहे. विचार कुठल्या भाषेत करायचा, यावर विद्यापीठाचं बंधन नाही.

तरीही पहिल्यांदा तोंड उघडायला जड जातं, ते मी समजू शकते. एक युक्ती सांगते. पुढच्या गुरुवारी फळ्यावर लिहायचं काम मागून घे. प्रत्येक गटात एक लिहिणारा लागतो आणि ते काम सहसा कुणाला नको असतं. लिहिणाऱ्याला "थांब, परत सांग", "हे या बाणाच्या वर लिहू की खाली?" असं विचारावंच लागतं. दोन आठवडे एवढंच कर. नंतर बोलायला लागशील तेव्हा तुझं तुलाच कळणार नाही.

मुद्दे वाटून घ्यायचं बंद करा, असं गटाला थेट सांगितलंस तर कुणी ऐकणार नाही. त्याऐवजी असं सुचव : वाटून घ्या, पण ज्याचा मुद्दा त्यानं तो सांगायचा नाही, शेजाऱ्यानं सांगायचा. चिठ्ठी उडवा. स्लाइड बंद, फक्त हाड आणि खडू. पहिल्या दिवशी फजिती होईल, होऊ द्या.

सरांच्या गप्प बसण्याबद्दल माझं मत तुझ्याहून थोडं वेगळं आहे. पहिल्या बैठकीत ते गप्प बसतात ते बरोबरच करतात. उत्तर देणारा समोर असला की आठजण वह्या उघडून लेखनिक होतात. पण दुसऱ्या बैठकीच्या शेवटीसुद्धा ते गप्पच राहत असतील, तर ते चूक आहे. कुणीतरी चुकीचं सांगितलेलं तसंच घरी जाऊ देणं म्हणजे शिकवणं नव्हे. त्यांच्याकडे जाऊन नीट विचार, "सर, शेवटची दहा मिनिटं आमच्या चर्चेत काय चुकलं तेवढं सांगाल का?" मी स्वतः काही वर्षं शिकवलंय, असं विचारणारी मुलगी आवडत नाही असा शिक्षक मी तरी पाहिला नाही.

परीक्षेसाठी एक वही कर, तीही शेवटाकडून. उजव्या पानावर नेहमीचे मथळे : उगम, शेवट, नर्व्ह सप्लाय, कार्य. डाव्या पानावर केसमधला एकच प्रश्न आणि त्याचं उत्तर. अभ्यासाला बसशील तेव्हा आधी डावं पान वाच, मग उजवं. नर्व्ह सप्लायच्या ओळीसमोर डावीकडे लिही : खालच्या जबड्याला सुन्न करायचं इंजेक्शन नीट देऊनही कधीकधी दाढ दुखतेच, ते का? मायलोहायॉइडला जाणारी नस मुख्य नसेपासून हाडात शिरायच्या आधीच फुटते. काही लोकांमध्ये ती दाढेलाही एखादा धागा देते आणि तो धागा इंजेक्शनच्या वर राहून जातो. ही एक शक्यता झाली, कारणं आणखीही असतात. पण एवढं डोक्यात असलं की ती नस व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, आठवावी लागत नाही. टीप लिहितानाही 'अप्लाइड' तुझ्या पेनातून आधी उतरेल, आणि परीक्षकाला शंभर पेपरांत तोच एक वेगळा वाटेल.

कार्व्हिंगला यातलं काही लागू नाही. मेणाची दाढ चर्चेनं कोरली जात नाही, रात्री बसून बोटं दुखवावी लागतात. स्पॉटरचंही, म्हणजे समोर ठेवलेला नमुना ओळखायच्या परीक्षेचंही, तेच.

वडिलांशी बोलशील तेव्हा फीचा विषय काढू नकोस. त्यांना विचार की भुरी आणि डावणी हे द्राक्षाचे रोग ओळखायला त्यांना कुणी शिकवलं. बागेत पहिल्यांदा पानं खराब झाली तेव्हा ते पान उलटं करून बघायला शिकले असतील. खालच्या बाजूला पांढरी बुरशी आणि वर तेलकट डाग दिसला की डावणी, पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं की भुरी. एकीला बोर्डो, दुसरीला गंधक. चुकीच्या रोगावर फवारणी गेली तर पैसे जातात आणि बागही, हे ते कुठल्या वर्गात शिकले नसतील. पण गावात कुणीतरी जाणता शेजारी असेलच, जो बांधावर उभा राहून "पान उलटं कर की" एवढंच म्हणाला आणि पुढं काही बोलला नाही. मास्तर कशाला ठेवलेत, याचं उत्तर त्यांच्याकडेच आहे. त्यांना पटेलच असं नाही. फी खरंच जास्त आहे, आणि त्यावर माझ्याकडे काही उत्तर नाही.

एक राहिलं. तुझ्या पत्रात केस एवढी सविस्तर आहे : वय, ताप, सूज, जीभ. पण 'डावीकडची खालची दाढ' यापुढं काही नाही. पहिली, दुसरी की अक्कलदाढ? कागदावर दिलेलं असेल तर तू लिहायला विसरलीस. दिलेलं नसेल तर तुमच्या सरांनी ते मुद्दाम गाळलंय आणि दोन गुरुवार झाले तरी आठांपैकी कुणी विचारलेलं नाही. येत्या गुरुवारी फळ्यापाशी खडू घेऊन उभी राहिलीस की पहिलं वाक्य तेच बोल, आणि उत्तर काय मिळालं ते मला कळव.